घरामागे खेळाचे कोर्ट: आधी खेळ ठरवावा की आधी जमीन?

मोकळी_जागा

आमच्या घरामागे २० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद अशी जागा रिकामी आहे. तिची लांबी पूर्व-पश्चिम आहे. एका लांब बाजूला घर, समोरच्या लांब बाजूला शेजाऱ्यांची कुंपणभिंत आणि पश्चिमेच्या टोकाला एक जुने, मोठे झाड आहे. मुलांना बास्केटबॉलची रिंग हवी आहे, आम्हा दोघांना बॅडमिंटन हवे आहे, आणि धाकटा भाऊ गेले वर्षभर पिकलबॉलशिवाय दुसरे काही बोलत नाही.

एका ठेकेदाराला बोलावले, तर तो पहिल्याच भेटीत रंगांचे नमुने घेऊन आला. निळा बरा की हिरवा, यावर त्याने तासभर समजावून सांगितले. मात्र जमीन कशी आहे, पाणी कोठे जाते, याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. त्यामुळे शंका आली आणि हा धागा काढला. एकाच कोर्टावर तीन खेळ बसवता येतात का, पृष्ठभाग काँक्रीटवर अॅक्रिलिक रंगाचा करावा की प्लास्टिकच्या फरश्यांचा, आणि रंगाच्या आधी नेमके काय काय व्हायला हवे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फुलवेडा

तीनपैकी दोन खेळांचे भांडण निसर्गतःच मिटलेले आहे. दुहेरी बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असते, आणि पिकलबॉलचे कोर्टही त्याच मापाचे असते. हा योगायोग नाही. १९६५ साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरामागे बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते. रॅकेटचा पुरता संच सापडेना, म्हणून प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांनी टेबल टेनिसच्या बॅट आणि छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन खेळायला सुरुवात केली, पुढे बार्नी मॅकॅलम त्यांना येऊन मिळाले, आणि जाळी हळूहळू खाली आली. आपल्या भावाचा लाडका खेळ हा मुळात घरामागच्या बॅडमिंटन कोर्टावरच जन्मलेला आहे, हे त्यांना अवश्य सांगावे.

ओळंबा

मी बांधकामाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या प्रश्नांचा क्रम मी उलटा लावीन. खेळ बदलता येतो, रेषा पुन्हा आखता येतात, रंग काही वर्षांनी नव्याने द्यावाच लागतो; पण काँक्रीटच्या अखंड लादीखालची भर आणि लादीचा ढाळ एकदा चुकला, तर तो पुढे कोणत्याही रंगाने दुरुस्त होत नाही. त्यामुळे पहिला खड्डा रंगाच्या नमुन्यासाठी नव्हे, तर मातीसाठी घ्यावा. जागेत दोन-तीन ठिकाणी कमरेएवढे खणून खाली काय लागते ते पाहावे. काळी चिकण माती असेल, तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर थेट टाकलेली लादी तिच्याबरोबर वर-खाली होते. अशी माती शक्य तितकी काढून टाकून तेथे मुरूम भरावा, थराथराने पाणी मारून रोलरने किंवा यांत्रिक धुम्मसने दाबावा आणि त्यावर १० ते १५ सेंटिमीटर खडीचा थर द्यावा. सगळी भर एकाच दिवशी टाकून वरवर रोलर फिरवला, तर वरचा थर दबतो आणि खालचा भुसभुशीतच राहतो. एकेक थर १५ सेंटिमीटरच्या आसपासच असावा.

दुसरा मुद्दा पाण्याचा. आपल्या जागेत कडेने मोकळी पट्टी सोडली, तर १८ मीटर बाय १० मीटरची लादी बसते, म्हणजे १८० चौरस मीटर. तिच्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तरी १८०० लिटर पाणी होते, आणि ते सगळे कोठेतरी जाणार असते. लादीला साधारण शंभरास एक ढाळ द्यावा, आणि तो संपूर्ण लादीला एकाच दिशेने असावा. जाळीखाली उंचवटा करून दोन्ही टोकांकडे उतार देणे काही गवंड्यांना फार आवडते, पण खेळासाठी तो प्रकार वाईट असतो. आपल्याकडे ढाळ घराकडून कुंपणभिंतीकडे, म्हणजे १० मीटरच्या रुंदीत असावा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १० सेंटिमीटरचा फरक पडतो, तो खेळताना जाणवत नाही. भिंतीच्या अलीकडे एक चर काढून पाणी शोषखड्ड्यात किंवा पावसाळी गटारात सोडावे, नाहीतर शेजाऱ्यांची भिंत ओली होईल आणि पुढची चर्चा या धाग्याबाहेर करावी लागेल.

रिंगमास्तर

ओळंबा यांच्या ढाळाबाबतच्या मताला बास्केटबॉलच्या बाजूने एक जोड देतो. रिंगची उंची ३.०५ मीटर असते, आणि ती रिंगखालच्या जमिनीपासून मोजलेली असते. ढाळ लांबीच्या दिशेने दिला, तर फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर विनाअडथळा चेंडू टाकण्याची, रेषा बोर्डापासून ४.६ मीटर दूर असल्याने तेथे उभ्या असलेल्या मुलाला रिंग चार-पाच सेंटिमीटर वर किंवा खाली भासते. मुले त्याच मापाची सवय लावून घेतात आणि बाहेर खेळायला गेल्यावर नेम चुकतो. ढाळ रुंदीत असला आणि रिंग आखूड बाजूच्या मध्यावर असली, तर रिंग आणि फ्री थ्रोची रेषा एकाच पातळीवर राहतात.

आता मूळ प्रश्न असा की रिंग आखूड बाजूला लावावी की लांब बाजूला? थ्री-पॉइंटचा कंस, म्हणजे ज्याबाहेरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात तो, रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर असतो, त्यामुळे १० मीटर रुंदीच्या आखूड बाजूला रिंग लावली, तर कंसाच्या दोन्ही बाजू लादीबाहेर जातात. लांब बाजूच्या मध्यावर लावली, तर कंस जवळजवळ पूर्ण बसतो. तीन विरुद्ध तीन खेळाचे अधिकृत कोर्ट १५ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब असते, म्हणजे आपली लादी त्याच्याही पुष्कळ जवळ जाते. माझे मत लांब बाजूकडे झुकते.

फुलवेडा

रिंगमास्तर, लांब बाजूचा मध्य म्हणजे नेमकी आमच्या जाळीची जागा. रिंग तेथे आली, तर जाळीचा एक खांब थेट रिंगखाली, उडी मारून उतरण्याच्या ठिकाणी येतो. खांब काढता येण्याजोगा केला, तरी त्याच्या खोबणीचे झाकण रोज पायाखाली येणार. ते एखाद्या दिवशी नीट बसलेले नसेल, तर घोटा गेलाच.

रिंगमास्तर

हा मुद्दा मान्य आहे. केवळ बास्केटबॉल असते, तर मी हटलो नसतो. तीन खेळ एकत्र नांदायचे असतील, तर आखूड बाजूच बरी. कंस अपुरा राहील, पण समोरून आणि तिरक्या कोनातून टाकायला भरपूर जागा मिळेल. मुलांना त्याहून अधिक काही लागत नाही.

गवत्या

मी थोडे विरोधी मत मांडतो. १८० चौरस मीटर काँक्रीट ओतण्याआधी एक वर्ष साध्या जमिनीवर खेळून पाहावे. जागा सपाट करावी, मुरूम टाकून दाबावा, चुन्याने रेषा माराव्यात, काढता-घालता येणारे दोन खांब रोवावेत. घरातील मंडळी खरोखर किती वेळा खेळतात, कोणत्या वेळेला खेळतात, पाऊस पडल्यावर पाणी कोठे साचते, झाडाची सावली कोठवर येते, हे सगळे त्या एका वर्षात आपोआप कळते. कितीतरी घरांमागची कोर्टे पहिल्या उन्हाळ्यानंतर कपडे वाळत घालण्याच्या कामी येतात. वर्षभर दबलेला मुरूम पुढे लादीखाली उपयोगी पडतोच.

चुकार_सर्व्हिस

गवत्या यांना अनुमोदन. शिवाय त्याच मुरुमावर कबड्डीही होईल. पुरुषांचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर, ना जाळी, ना रिंग, ना खांबाची खोबण. शेजाऱ्यांना आवाज तेवढा येईल, पण तो एका दमाचाच असेल.

शेजारधर्म

आवाजाचा विषय विनोदात निघाला, पण तो गंभीर आहे. पिकलबॉलची टणक बॅट आणि प्लास्टिकचा चेंडू यांचा आवाज साधारण १००० हर्ट्झच्या आसपासचा असतो. या पट्टीत माणसाचा कान चांगलाच तिखट असतो, आणि तो टक-टक आवाज अनियमित असल्यामुळे मन त्याला सरावत नाही. आमच्या पलीकडच्या घरी असे कोर्ट झाले, तेव्हा पहिले काही आठवडे आम्ही कौतुकाने पाहिले; नंतर रविवारी दुपारी दारे-खिडक्या लावून बसू लागलो. बास्केटबॉलचा आवाज वेगळा, जड आणि जमिनीतून येणारा असतो. रिंग घराच्या भिंतीवरच बसवली, तर तो घरातल्यांनाही ऐकावा लागतो.

माझी विनंती एवढीच आहे की खोदाई सुरू होण्याआधी शेजाऱ्यांना घरी बोलावून नकाशा दाखवावा आणि खेळण्याच्या वेळा त्यांच्यासमोरच ठरवाव्यात. दिव्यांचा झोत त्यांच्या खिडकीत जाणार नाही, हेही तेव्हाच बोलून घ्यावे. बांधकामाला, कुंपणाच्या उंचीला किंवा दिव्यांच्या खांबांना आपल्या भागात परवानगी लागते का, हेही त्याच सुमारास विचारून घ्यावे.

मोकळी_जागा

सर्वांचे आभार. शेजारी सज्जन आहेत, पण तसे राहावेत म्हणून त्यांच्याशी आधीच बोलतो. गवत्या यांची सूचना घरात वाचून दाखवली. मुलांनी ती एकमताने फेटाळली, कारण मुरुमावर चेंडू उसळत नाही. लांबी पूर्व-पश्चिम असल्याने किती अडचण येईल, हे कोणी सांगावे. आम्ही बहुतेक संध्याकाळीच खेळू.

फुलवेडा

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण असावी हा सर्वसाधारण नियम आहे, कारण सकाळ-संध्याकाळचा सूर्य खाली असताना तो कोणाच्याही थेट डोळ्यांत येत नाही. आपली जागा आडवी असल्याने संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड असलेल्या खेळाडूला त्रास होणार. मात्र आपले झाड पश्चिमेलाच आहे, त्यामुळे त्याची सावली कामी येईल. बाजू बदलत राहिल्याने त्रासही वाटून जातो.

उघड्यावरच्या बॅडमिंटनचा खरा शत्रू वारा आहे. फुलाचे (शटलकॉकचे) वजन जेमतेम ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते, त्यामुळे पाने हलण्याइतका वारा असला तरी ते रेषेबाहेर जाते. जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०१९ मध्ये उघड्यावर खेळण्यासाठी एअरबॅडमिंटन हा प्रकार आणला, तो याच कारणाने. त्यात वाऱ्याला अधिक दाद न देणारे वेगळे फूल वापरतात. पिकलबॉलचा चेंडूही उडतो, पण २२ ग्रॅमहून जड असल्याने इतका नाही. प्रामाणिक सांगायचे, तर उघड्या जागेवर आपले बॅडमिंटन कमी आणि भावाचे पिकलबॉल जास्त खेळले जाईल, असा माझा अंदाज आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

रिंगमास्तर

संध्याकाळीच खेळणार असाल, तर रिंग पूर्वेच्या टोकाला लावावी. चेंडू टाकणाऱ्याचे तोंड पूर्वेकडे राहते आणि सूर्य पाठीशी जातो. रिंगचा खांब लादीच्या बाहेर रोवावा, त्याचा पाया १ ते १.२ मीटर खोल घ्यावा आणि तो लादीपासून सुटा ठेवावा, म्हणजे खांबाचे हादरे लादीला तडा देणार नाहीत. बोर्ड खांबापासून पुरेसा पुढे आलेला असावा, कारण धावत आलेली मुले थांबत नाहीत. तरीही खांबाला छातीच्या उंचीपर्यंत जाड गादी गुंडाळावीच.

ओळंबा

पृष्ठभागाचा प्रश्न मागे राहिला होता, त्याकडे वळतो.

घरगुती कोर्टाला १० सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट पुरते. खडीवर प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे जमिनीची ओल वर चढून रंगाला फोड येत नाहीत. सळईची जाळी कागदावर आडवी पडून राहता कामा नये. ती ठोकळ्यांवर उचलून लादीच्या जाडीत आणावी. तळाशी पडलेली जाळी असून नसल्यासारखी असते. काँक्रीट आकसताना भेगा पडणारच, म्हणून त्या कोठे पडाव्यात हे आपण ठरवायचे असते. १८ मीटरचे सहा भाग आणि १० मीटरचे चार भाग केले, तर ३ मीटर बाय २.५ मीटरचे चोवीस चौकोन होतात आणि मधला सांधा बरोबर जाळीखाली येतो. लादी घट्ट झाल्यावर, साधारणपणे दुसऱ्या दिवसाच्या आत, यंत्राने जाडीच्या पाव भागाइतका, म्हणजे अडीच सेंटिमीटर खोल काप घ्यावा. उशीर केला, तर लादी आपला मार्ग स्वतः निवडते.

वरचा हात घोटून गुळगुळीत करू नये. गवंड्याला आरशासारख्या कोब्याचा अभिमान असतो, पण त्यावर अॅक्रिलिक धरत नाही आणि ओल्या दिवशी पाय घसरतो. ओल्या काँक्रीटवरून केरसुणी हलकेच ओढून खरखरीतपणा ठेवावा. मग कडेने मातीचे बांध घालून निदान सात दिवस पाणी साठवून ठेवावे. पाणी मारण्याचा कंटाळा म्हणून काही जण वरून रसायन फवारतात. रंग द्यायचा असेल, तर ते टाळावे, कारण त्या पातळ थरामुळे रंग सुटून येतो. रंग २८ दिवसांनंतरच द्यावा.

त्याआधी एक परीक्षा घ्यावी. संपूर्ण लादीवर नळीने पाणी सोडावे, उन्हात तासभर थांबावे आणि मग चालत पाहावे. एखादे नाणे बुडेल एवढे पाणी जेथे राहिले असेल, तेथे खडूने वर्तुळ काढावे आणि रंगाआधी ते खळगे भरून घ्यावेत. ठेकेदाराचे शेवटचे पैसे या परीक्षेनंतरच द्यावेत, असे लेखी ठरलेले बरे.

उंबरठा

आमच्याकडे प्लास्टिकच्या फरश्या आहेत, म्हणून त्यांची बाजू मांडते. एकमेकींत अडकणाऱ्या या पॉलिप्रॉपिलीनच्या फरश्यांना छिद्रे असतात, त्यामुळे पाणी खाली जाते आणि पाऊस थांबल्यावर लवकर खेळता येते. पायांना किंचित मऊपणा मिळतो, खराब झालेली एखादी फरशी बदलता येते, आणि घर सोडताना सगळे उचलून नेता येते. मात्र या फरश्यांमुळे खालची लादी कशीही चालेल, असे विक्रेते सांगतात ते खरे नाही. खाली खळगा असला, की फरशी त्यावर लटकते आणि पाय पडताच खटखट वाजते. पाणीही त्याच खळग्यात साचते, फक्त ते दिसत नाही. उन्हात या फरश्या पसरतात, म्हणून भिंतीला किंवा खांबाला टेकवून बसवू नयेत. आमच्या कारागिराने रिंगच्या खांबाभोवती त्या घट्ट कापून बसवल्या होत्या. पहिल्याच कडक उन्हात तेथे पापड फुगावा तसा फुगवटा आला. भोवती दोन बोटांची फट ठेवल्यावर त्या पुन्हा खाली बसल्या.

झाडाखाली छिद्रांच्या फरश्या शक्यतो नकोत. बारीक पाने आणि मोहोर छिद्रांतून खाली जाऊन कुजतो, आणि वर्षातून एकदा फरश्या उचलून खाली धुवावे लागते.

ओळंबा

उंबरठा यांनी सांगितलेले योग्य आहे. झाडाबाबत आणखी एक गोष्ट म्हणजे मुळे. ती तोडून लादी पुढे नेण्यापेक्षा लादीच थोडी आखूड करावी. मोठी मुळे तोडल्यास वादळात झाड कोसळण्याची भीती असते, आणि ठेवून वर काँक्रीट केल्यास ती लादी उचलतात. पूर्वेकडे सरकून १७ मीटरची लादी केली, तरी बॅडमिंटनच्या दोन्ही टोकांना १.८० मीटर जागा राहते. तेव्हा सांधेही जाळीच्या रेषेपासून नव्याने मोजावेत. मला यात तडजोड वाटत नाही. घरच्या खेळाला ती पुरते.

चुकार_सर्व्हिस

आखणीबद्दल कोणीच बोलले नाही. तीन खेळांच्या रेषा एकाच रंगात मारल्या, तर कोर्ट रेल्वेच्या रुळांचे जंक्शन दिसेल.

फुलवेडा

पिकलबॉलमध्ये जाळीलगतच्या पट्ट्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही; त्या पट्ट्याची रेषा जाळीपासून २.१३ मीटरवर असते, आणि बॅडमिंटनची आखूड सर्व्हिसची रेषा १.९८ मीटरवर असते. दोहोंत अवघे १५ सेंटिमीटर अंतर असते, आणि पायांचे सगळे वाद तेथेच होतात. त्यामुळे या दोन रेषा पूर्ण भिन्न रंगांत असाव्यात. बाहेरच्या चौकटीची माप-तपासणी कर्णाने करावी, १३.४० बाय ६.१० मीटरच्या चौकटीचा कर्ण १४.७२३ मीटर येतो. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत, तर दोरी पुन्हा लावावी. आमच्या ओळखीच्या एका घरी कोर्ट डोळ्यांना सरळ दिसत होते, पण एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा पाच बोटे लांब निघाला.

जाळीच्या उंचीतही फरक आहे. बॅडमिंटनला खांबापाशी १.५५ मीटर, तर पिकलबॉलला कडेला ९१ आणि मध्ये ८६ सेंटिमीटर. बॅडमिंटनचे खांब दुहेरीच्या बाजूच्या रेषेवरच उभे असतात, तर पिकलबॉलचे रेषेच्या थोडे बाहेर. त्यामुळे खोबणी वेगळ्या कराव्यात, किंवा पिकलबॉलसाठी पायांवर उभी राहणारी सुटी जाळी घ्यावी. मी दुसरा मार्ग निवडीन.

मोकळी_जागा

घरात बसून नकाशा काढला. झाडाला हात न लावता १७ मीटर बाय १० मीटरची लादी, ढाळ कुंपणभिंतीकडे आणि तिकडे झाकणाचा चर, रिंग पूर्वेला आखूड बाजूच्या मध्यावर, बॅडमिंटनचे खांब काढता येणारे, पिकलबॉलची जाळी सुटी. पृष्ठभाग अॅक्रिलिकचा ठरला आहे, कारण पाने झाडायची जबाबदारी मुलांनी घेतली आहे, आणि ती टिकणार नाही हे आम्हा सर्वांना ठाऊक असल्यामुळे छिद्रे नसलेली बरी. ठेकेदार दुसरा पाहतो आहे; त्याने पहिल्या भेटीतच पहार मागितली. काँक्रीट पडण्याआधी आणखी काय गाडून ठेवावे लागते?

शेजारधर्म

दिव्यांच्या तारांसाठी रिकामे पाइप, दिवे आज लावायचे नसले तरी. खांब लांब बाजूंना असावेत, टोकांना नसावेत. बॅडमिंटनमध्ये मान वर असते आणि टोकाचा दिवा थेट डोळ्यांत येतो.

ओळंबा

जाळीच्या खांबांच्या नळ्या काँक्रीटआधी नेमक्या जागी उभ्या कराव्यात आणि ओळंब्याने तपासाव्यात, कारण ओततानाच्या धक्क्याने त्या कलतात. नळीचा तळ बंद करू नये. तिच्याखाली वीतभर खडी भरावी, म्हणजे आत गेलेले पाणी मुरते आणि खांब गंजत नाही. तोंडाला ओतकामाच्या दिवशी कापडाचा बोळा घालून वर चिकटपट्टी लावावी. बोळा काढायला सोपा जातो. आत गेलेला सिमेंटचा राडा छिन्नीने फोडावा लागतो.

मोकळी_जागा

नळीचा व्यास खांब पाहून ठरवू, की आधी नळी घेऊन त्यात बसेल असा खांब शोधू?

ओळंबा

आधी खांब आणावेत. खांब हातात असल्याशिवाय नळी कापू देऊ नये.